गोड खावंसं वाटतंय, की भूक लागलीय?

आम्ही गटातल्या सगळ्याजणींच्या वतीनं बोलतोय. कुणी भाकरी थापत ऐकत असाल, कुणी गोठ्यात, कुणी शेतातनं परत येता येता मोबाईलवर. हातातलं काम चालू राहू दे, कान तेवढे इकडं द्या. आज बोलायचंय चॉकलेटबद्दल, गोडाच्या ओढीबद्दल आणि गोडाच्या जागी तिखट-मिठाचं काय खाता येईल त्याबद्दल.

आधी चॉकलेट म्हणजे काय ते बघू. आपल्या गावात कागदात गुंडाळलेली कुठलीही गोड वस्तू म्हणजे चॉकलेट. संत्र्याची गोळी चॉकलेट, आंब्याची चघळायची वडी चॉकलेट, पानाच्या वासाची गोळी तीही चॉकलेट. दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून दोन रुपयांच्या बदल्यात हातावर ठेवतो, तेही चॉकलेटच. यातल्या बऱ्याचशा गोळ्यांत कोकोचा कणसुद्धा नसतो. साखर, ग्लुकोजचा पाक, थोडा रंग आणि वास, संपलं. या गोळ्या म्हणजे उसाचंच दुसरं रूप. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात रावळगाव आहे. तिथं वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखरेचा उद्योग उभा केला, आणि पुढं त्याच गावाच्या नावाच्या गोळ्या महाराष्ट्रभर दुकानांच्या बरण्यांत जाऊन बसल्या. आपल्यातल्या जुन्या बायकांनी त्या शाळेच्या दारात घेऊन खाल्लेल्या असतील.

खरं चॉकलेट कोकोच्या बियांपासून होतं. कोकोचं झाड मूळचं अमेरिका खंडातलं. बी भाजून वाटली की कडू लागते, कोऱ्या कॉफीपेक्षाही कडू. मेक्सिकोकडचे जुने लोक तिची पूड पाण्यात घुसळून प्यायचे. त्यात साखर नसायची. कधी मक्याचं पीठ घालायचे, कधी चक्क मिरची! म्हणजे चॉकलेट जन्मलं तेव्हा ते गोड नव्हतंच, कडू-तिखट होतं. स्पेनचे लोक तिकडं गेले, त्यांनी ते युरोपात नेलं, आणि तिथं त्यात साखर पडली. आणखी गंमत सांगतो. आपण जिच्यावर एवढा जीव टाकतो ती मिरचीही त्याच मुलखातली. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या वाटेनं आपल्याकडं आली. शेंगदाणा आणि मकाही मूळचे तिकडचेच. गडहिंग्लजच्या बाजारातली संकेश्वरी मिरची, भडंगातला शेंगदाणा, बांधावरचं कणीस आणि पोराच्या हातातलं चॉकलेट, सगळ्यांचं माहेर एकच. त्यामुळं आपलं कुठलं आणि परकं कुठलं, या वादात आपण पडायला नको. पोटात गेल्यावर कोण काय करतं, तेवढं बघू.

पाकिटावरच्या चॉकलेटचं गणित सोपं आहे. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात त्यातल्या वस्तू लिहिलेल्या असतात. जी वस्तू वजनानं सगळ्यात जास्त, तिचं नाव पहिलं. दुधाचं चॉकलेट घ्या आणि बघा, पहिलं नाव बहुतेक वेळा साखरेचंच असतं. शेजारी एक तक्ता असतो, त्यात १०० ग्रॅमला साखर किती ते दिलेलं असतं. समजा ५५ ग्रॅम लिहिलंय आणि तुमच्या हातातली वडी २० ग्रॅमची आहे. म्हणजे त्या वडीत ११ ग्रॅम साखर. चहाच्या सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर बसते, म्हणजे जवळजवळ तीन चमचे. अक्षर इंग्रजीत असलं तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडनं वाचून घ्या. तिचाही अभ्यास होईल आणि चॉकलेटात काय असतं ते तिलाही कळेल.

आता आपल्या घरचं गोड. कोल्हापूरच्या बायकांना गोड कमी खा म्हणून सांगणं म्हणजे पन्हाळ्याला वारा कमी घे म्हणण्यासारखं. आपला जिल्हाच उसाचा. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली आणि ती गुळाची मोठी पेठ झाली. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव दुसऱ्या कुणी आपल्या मालाला लावायचं नाही. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळतोय, रानभेंडीच्या चिकट पाण्यानं मळी वर येतेय, गुळव्या पाक बोटावर घेऊन बघतोय, हे पोरपणी बघितलेल्या बायका आपल्या गटागटात आहेत. दारी आलेल्या माणसाला गूळ-पाणी, संक्रांतीला तिळगूळ, होळीला पोळी, बाळंतिणीला डिंकाचा लाडू. गोडाला आपल्याकडं मान आहे आणि तो राहावा. पंगतीतली पुरणपोळी कुणी मोजून खाऊ नये, असंच आमचं मत आहे.

आमचं बोलणं त्या पोळीबद्दल नाहीच. रोज दुपारी चारला, नाहीतर रात्री भांडी घासून झाल्यावर, कुणाचं लक्ष नसताना डब्यातनं काढून तोंडात टाकला जातो त्या गुळाच्या खड्याबद्दल आणि पोराच्या दप्तरातल्या अर्ध्या चॉकलेटबद्दल आहे.

गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाल्यावर आम्ही सगळ्याजणींना विचारलं, "खरं सांगा, गोड कधी खावंसं वाटतं?" आधी सगळ्या हसल्या. मग एकेक बोलायला लागली. एक म्हणाली, भांगलून आल्यावर. एक म्हणाली, धारा काढायच्या आधी, हातपाय गळाल्यासारखे होतात तेव्हा. एक म्हणाली, पाळीच्या आधी चार दिवस. तान्हं बाळ असलेली म्हणाली, रात्री दोनला. एक वयस्क मावशी म्हणाल्या, "उपासाच्या दिवशी, साबुदाणा खाऊनबी." जेवून उठल्यावर लगेच खावंसं वाटतं असं म्हणणाऱ्याही होत्या, पण थोड्या. बाकीच्यांच्या वेळा नीट बघितल्या तर बहुतेक सगळ्या रिकाम्या पोटाच्या नाहीतर थकव्याच्या निघाल्या.

आपल्या दिवसाकडंच बघा ना. पहाटे उठल्यावर चहा. धारा, पाणी, झाडलोट, डबे, त्यात आणखी एक चहा. न्याहारी उभ्याउभ्यानं, नाहीतर राहिलीच. रानात गेलं की एक-दोनला भाकरी सोडायची. उसळ घरच्यांच्या डब्यात गेलेली, आपल्या फडक्यात भाकरी आणि खर्डा. चारला पुन्हा चहा. रात्री सगळ्यांचं झालं की आपण बसायचं, आणि कढईत तेव्हा आमटीचं पाणी तेवढं उरलेलं असतं, डाळ पुढच्यांच्या ताटात गेलेली असते. अशा दिवसात अंगाला चटकन बळ देणारी एकच वस्तू हाताशी असते, ती म्हणजे साखर. रिकाम्या पोटी शरीर लवकर मिळेल ते मागतं. साखर रक्तात झटकन चढते, बरं वाटतं, आणि पोटात दुसरं काही नसल्यानं थोड्या वेळानं पुन्हा गळाल्यासारखं होतं. झोप अपुरी असली तरी भूक वाढते आणि मन गोडाकडं, तळणाकडं ओढ घेतं. पाळीच्या आधी तसं होणंही बऱ्याचजणींच्या अनुभवाचं आहे.

म्हणून "मला लई गोडाची सवय, माझी जीभच वाईट" असं कुणी म्हणालं की आम्ही तिला पहिला प्रश्न विचारतो, "वैनी, शेवटचं पोटभर कधी जेवलासा?" जिभेचा दोष नसतो. माणसाचं बाळ जन्मतःच गोडावर खूश असतं, आईचं दूधही गोडसरच. पण वेळेवर न मिळालेलं जेवण गोडाच्या रूपानं मागणी करायला लागलं, तर ती मागणी चॉकलेटनं भागत नाही.

हंगामात आपल्या शिवारात बीडकडनं ऊसतोडीला मायबहिणी येतात. अंधारात उठून भाकरी बांधतात आणि दिवसभर मोळ्या वाहतात. ज्यांच्या हातनं सगळ्या राज्याचं गोड कारखान्यात जातं, त्यांच्या फडक्यात भाकरी आणि चटणी असते. थकवा घालवायचा इलाज म्हणून साखरेचा चहा. आपल्या बांधावर त्यांची टोळी उतरली तर तांब्याभर ताक आणि मूठभर शेंगा देता येतील का, हेही जाता जाता मनात ठेवा.

आता थोडा हिशोब करू. गटाच्या वहीची सवय आहेच आपल्याला. घरात महिन्याला साखर किती येते ते आठवा. समजा सहा किलो, आणि माणसं पाच. ६००० ग्रॅमला ३० दिवसांनी भागा, रोजची २०० ग्रॅम. पाचांत वाटली की माणशी ४० ग्रॅम, म्हणजे दहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलेलं प्रमाण असं, की मोठ्या माणसानं वरून घातलेली साखर दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आत आली तर आणखी चांगलं. २५ ग्रॅम म्हणजे सहा चमचे. अख्ख्या फळातली आणि साध्या दुधातली साखर यात धरत नाहीत. पण गूळ, काकवी, मध धरतात. बिस्किटं, खारीबरोबरचा चहा, थंड बाटली, चॉकलेट, हे सगळं त्या दहा चमच्यांच्या वर.

आपल्या घरात ही साखर जाते कुठं? मुख्यतः चहात. पाच कप चहा, कपाला दोन चमचे, झाले दहा चमचे. चॉकलेट बंद करून चहा तसाच ठेवला तर हाताला फारसं काही लागणार नाही. चहा सोडायला आम्ही सांगत नाही, सांगितलं तरी कुणी सोडणार नाही. कपाला अर्धा चमचा कमी करा. पंधरा दिवसांत जिभेला सवय होते, मग आणखी अर्धा. बैठकीतला चहा आम्ही असाच कमी गोडाचा केला. पहिल्या वेळी तोंडं वाकडी झाली, आता कुणी विचारतही नाही.

गुळाबद्दल स्पष्ट बोलावं लागेल, कारण आपल्याला वाटतं गूळ म्हणजे औषध. गुळाला चव आहे, वास आहे, त्यात थोडी खनिजंही आहेत. पण तोही मुख्यतः साखरच. साखरेची बीमारी असलेल्या माणसानं साखर सोडून गूळ धरला तर त्याच्या रक्तातली साखर त्यानंही चढतेच. आणि गूळ खाल्ला की रक्त वाढतं, हेही अर्धंच खरं. त्यात थोडं लोह असतं, पण रक्त भरून यायला लागतं तेवढं लोह गुळातून मिळवायचं म्हटलं तर साखरच किलोनं पोटात जाईल. रक्तासाठी पालेभाज्या, कडधान्यं, वर लिंबू पिळून, जे खातात त्यांच्यासाठी अंडी-मटण-मासे, आणि दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या. जेवणाला लागून चहा घेऊ नका, चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. मध्ये तास-दीड तास जाऊ द्या.

आता येऊ तिखट-मिठाकडं. आपल्यातल्या बऱ्याचजणी ठसक्यात सांगतात, "मला गोड आवडतच नाही, मला आपलं चटपटीत पाहिजे." कोल्हापूरच्या मातीत हे बोलणं शोभतंही. इथली मिसळ, इथला खर्डा, कांदा-लसणाची चटणी, जयसिंगपूर-सांगलीकडचं भडंग. गोडाची ओढ असेल तर त्या जागी खारं-तिखट खाणं ही चांगली वाट आहे. फक्त ती दोन ठिकाणी जाते, एक बरी आणि एक वाईट.

वाईट म्हणजे पाच-दहा रुपयांची फुगलेली पाकिटं. मैदा नाहीतर मक्याचं पीठ, तेल, मीठ आणि मसाला. चॉकलेटच्या जागी हे आलं तर साखर गेली आणि मीठ-तेल आलं, पोटाची अवस्था तीच. मिठाचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेनं माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगितलंय, म्हणजे चहाचा एकच चमचा, आणि त्यात आमटी-भाजीतलं, लोणच्या-पापडातलं, सगळं आलं. आपण आधीच त्याच्यापुढं जाण्याची शक्यता मोठी. रक्तदाब असलेल्यांनी तर जपायलाच पाहिजे.

चांगलं तिखट-मिठाचं खाणं म्हणजे ज्यात पोटाला टिकणारं काहीतरी आहे ते. डाळ, शेंगदाणा, कडधान्य, ताक, अंडं, भरड धान्य. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण ७ ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्याहून थोडी जास्तच. फुटाणेही याच घरातले. असं काही पोटात गेलं की साखरेसारखा झटका बसत नाही, बळ हळूहळू मिळत राहतं आणि पुढचे दोन-तीन तास डब्याकडं हात जात नाही.

आपल्या जिल्ह्यात यासाठी बाहेर शोधायला नकोच. आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, या डोंगरी भागात नाचणी पिकते. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम. नाचणीचं पीठ रात्री भिजत घाला, सकाळी शिजवा, गार झाल्यावर ताक घाला, वर ठेचलेला लसूण, जिरं, बेताचं मीठ. झाली आंबील. कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते. देवीला चालते ती आंबील आपल्या चार वाजताच्या भुकेला का चालू नये? दुसरं म्हणजे हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून दळून ठेवले तर बरणीभर पीठ महिनाभर पुरतं. पाण्यात कालवून उकळायचं, लसूण-मीठ घालून प्यायचं. गूळ घालूनही करतात, पण आज आपण मिठाचं करू. थालीपीठ, उकडलेल्या शेंगा, भाजलेलं कणीस, हरभऱ्याचे सोले, मोड आलेली मटकी नुसती परतून, शिळ्या भाकरीचा फोडणी दिलेला कुस्करा आणि वर दही, हे सगळं चॉकलेटपेक्षा स्वस्त आणि घरचं.

भडंग करणार असाल तर एक करा. बाजारच्या भडंगात चिरमुऱ्यांचा डोंगर आणि शेंगदाणे शोधावे लागतात. घरी उलटं करा. पाव किलो चिरमुऱ्यांना दोन वाट्या शेंगदाणे आणि वाटीभर डाळं. पाच-सहा चमचे तेलात ठेचलेला लसूण आणि कढीलिंब कुरकुरीत होऊ द्या, शेंगदाणे खमंग परता, आच बंद करून मगच चटणी घाला म्हणजे ती करपत नाही, आणि शेवटी चिरमुरे व डाळं घालून हलवा. चिरमुरे बऱ्याचदा मुळात खारट असतात, म्हणून आधी चाखा आणि मगच मीठ घाला. हे भडंग घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा, आणि तो डबा गुळाच्या डब्याच्या पुढं ठेवा. हात जो डबा आधी लागेल तोच उघडतो.

पोरांचं काय? पोरगं रडलं, द्या चॉकलेट. अभ्यास केला, द्या चॉकलेट. पाहुणे आले, त्यांच्या हातात चॉकलेट. जेवायच्या आधी दोन चॉकलेटं खाल्लेलं पोर जेवत नाही, मग आपण म्हणतो याला भूकच नाही. आम्ही घरांत तीन गोष्टी ठरवल्या, तुम्हीही ठरवून बघा. एक, चॉकलेट जेवणानंतर, जेवणाच्या जागी नाही. दिवसभर तोंडात घोळणारी गोळी दातांना जास्त वाईट, त्यापेक्षा एकदाच खाऊन चूळ भरलेली बरी, आणि रात्री झोपताना दात घासायचेच. दोन, बक्षीस म्हणून दरवेळी गोड नको. एखादी गोष्ट सांगा, सायकलवर चक्कर मारू द्या. तीन, मुलगा आणि मुलगी, दोघांना सारखा तुकडा. मुलीला "तू मोठी हायस, दे त्याला" म्हणायचं नाही. आज चॉकलेटचा तुकडा सोडायला शिकलेली पोर उद्या स्वतःच्या ताटातली डाळ सोडते. आणि एक सावधगिरी, चार-पाच वर्षांच्या आतल्या लेकराला कडक गोल गोळी किंवा अख्खे शेंगदाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्या.

काही वेळा खाण्याची ओढ हे दुखण्याचं लक्षण असतं. त्या वेळा नीट ऐका.

पहिली. माती, खडू, पाटीची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ खावासा वाटणं. पोटुशीला असे डोहाळे लागले की आपण हसण्यावारी नेतो. बऱ्याचदा त्यामागं अंगात रक्त कमी असतं. देशात २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं, म्हणजे शंभरातल्या सत्तावन्न. असं खावंसं वाटत असेल तर आशाताईंना सांगा आणि उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या.

दुसरी. फार तहान, सारखी लघवीला जावं लागणं, खाऊनही वजन उतरणं, जखम लवकर न भरणं. साखर तपासून घ्या. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत देशात दहा कोटींवर लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आला. तो आता शहरातल्या बसून काम करणाऱ्यांचाच राहिलेला नाही.

तिसरी, आणि ही सगळ्यात तातडीची. घरात मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारं माणूस असेल, त्याला अचानक दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले, छाती धडधडली, काहीतरी गोड खावंसं वाटलं किंवा ते भलतंच बोलायला लागलं, तर साखर एकदम उतरली असण्याची शक्यता असते. त्या वेळी "तुला गोड बंद आहे" म्हणत बसायचं नाही. शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. इथं चॉकलेट कामाचं नाही, कारण त्यातल्या तुपटपणामुळं साखर रक्तात जायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच द्या, आणि बरं वाटल्यावर भाकरी-आमटी खायला घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणाचं ऐकून गोळ्या कमी-जास्त करू नका.

मग चॉकलेट खायचं की नाही? खा की! नातीनं हातावर ठेवलेला तुकडा नाकारायचं काही कारण नाही. पोटभर जेवून, सगळ्यांबरोबर बसून, चव घेऊन खा. लपवून, उभ्यानं, रिकाम्या पोटी खाऊ नका. भरल्या पोटी एक तुकडा पुरतो, रिकाम्या पोटी अख्खी वडीही पुरत नाही.

आता या आठवड्याचं काम सांगतो. तीन दिवस गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. लिहिता येत नसेल त्यांनी पोराकडनं लिहून घ्यायचं. गोड खावंसं वाटलं तेव्हा किती वाजले होते, त्याआधी शेवटचं काय खाल्लं होतं, आणि आदल्या रात्री किती झोप झाली. चौथ्या दिवसापासून त्या वेळेच्या अर्धा तास आधी शेंगदाणे, फुटाणे, आंबील, जे घरात असेल ते खाऊन बघायचं. आणि रात्री एकदा तरी सगळ्यांच्या बरोबरीनं ताट वाढून घ्यायचं, डाळ संपायच्या आत. घरचे काय म्हणाले, तेही बैठकीत सांगायचं. तुमच्या गावची एखादी तिखट-मिठाची जुनी पाककृती असेल तर तीही आम्हाला कळवा, पुढच्या भागात सगळ्याजणींना ऐकवू.

चला, धारांची वेळ झाली. जाण्याआधी मूठभर काहीतरी तोंडात टाका. राम राम.